सहाचे नऊ

पगार वाढवून मागायला आलेल्या माणसाला आमचे साहेब चहा पाजतात. मार्केट किती डाऊन आहे ते सांगतात, पाठीवर हात ठेवतात आणि केबिनच्या दारापर्यंत पोचवायलाही येतात. अकरा वर्षांत मी असे सात चहा प्यायलो आहे. पण यंदा, म्हणजे २०२५ च्या जूनअखेर, मी त्यांना म्हणालो, "सर, ऑगस्टच्या शेवटी मला सहा दिवस पगार नको," तेव्हा त्यांनी चहा सांगितला नाही. उठून दार लावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुठे इंटरव्ह्यू आहे?"

"इंटरव्ह्यू नाही सर, गणपती आहे."

"गणपती काय, माझ्याकडेही असतो. दीड दिवसाचा. मी मागतो का बिनपगारी?"

साहेबांचा गणपती वाशीत लिफ्टनं वर येतो आणि लिफ्टनंच खाली जातो. आमचा कणकवलीच्या पलीकडे, शेताच्या बांधावरून डोक्यावर बसून येतो. चार घरांची भावकी, गणपती एक, त्यामुळे पाळी चार वर्षांनी. मागची आमची पाळी २०२१ ची. ती करोनाच्या धास्तीत, तोंड बांधून उरकली. यंदा कसर भरून काढायची म्हणून आईनं मे महिन्यातच पाट धुऊन गणपतीच्या शाळेत नेऊन दिला होता. माटवी बांधायला कवंडळं कोण आणणार, ओल्या सुपाऱ्या कोण काढणार, हेही वाटून झालं होतं. यादीत माझ्या नावापुढे फक्त "येणे" एवढंच काम होतं, आणि तेच अडलं होतं.

कारण माझ्या खात्यावर रजा शून्य. यात कायद्याचा दोष नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं वर्षाला आठ किरकोळ रजा दिल्या आहेत, शिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा. कायदा उदार आहे. माझे नातेवाईक त्याहून उदार. मेहुणीचं लग्न, त्याच मेहुणीच्या नणंदेचं लग्न, आईचा मोतीबिंदू, सोसायटीच्या टाकीची सफाई (सेक्रेटरी मीच), मुलाची दहावी (परीक्षा त्याची, ताप मला) आणि शेवटी त्याचा अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, ज्यात मी तीन दिवस स्क्रीनवर फिरणारं एक चक्र बघत होतो.

रस्त्यानं जाण्याचा पर्याय बायकोनं सुचवला होता. "शनिवारी निघू, रविवारी पोचू, सोमवारी परत." पण मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून तो रस्ता स्वतःच रजेवर आहे. म्हणून कोकण रेल्वे. २५ ऑगस्टच्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी, २६ जूनला सकाळी आठला उघडणार होतं. आम्ही तीन फोन, एक लॅपटॉप आणि शेजाऱ्यांचं वायफाय असं सैन्य मांडून बसलो. आठ वाजून दोन मिनिटांनी एका फोनवर "रिग्रेट" आलं. दुसऱ्यावर ओटीपी आला, तो तिसऱ्या फोनचा होता. बायकोच्या हाताला मात्र यश, तिला आरएसी मिळाली. आरएसी म्हणजे अर्धी सीट. अर्धी सीट हातात घेऊन मी पूर्ण रजा मागायला गेलो, ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

साहेब म्हणाले, "माझी ना नाही. पण बिनपगारी माझ्या हातात नाही. एचआरला विचार."

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "आमची ना नाही. पण पोर्टलवर टाका."

पोर्टल म्हणालं, "आपली रजा शिल्लक नाही. कृपया आपल्या साहेबांशी संपर्क साधा."

नवी मुंबईत राहणाऱ्याला याचं नवल वाटू नये. इथे प्रत्येक नोडमध्ये सेक्टर १ पासून आकडे पुन्हा सुरू होतात. सेक्टर ७ ला पोचलेला पाहुणा फोन करतो, तेव्हा तो वाशीच्या सेक्टर ७ मध्ये असतो आणि जेवण नेरूळच्या सेक्टर ७ मध्ये थंड होत असतं. तसा मी रोज नेरूळहून कोपरखैरणे, तिथून शेअर रिक्षानं महापे, मग तिसरा मजला ते पाचवा मजला ते पोर्टल असा पंधरा दिवस फिरलो. शेवटी कळलं की बिनपगारीचं बटण पोर्टलवर आहे, पण ते फक्त साहेबांना दिसतं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "असेल. मी कधी लॉगिन केलेलं नाही."

बटण सापडलं. आता कारण निवडायचं. यादीत आजारपण होतं, प्रसूती होती, उच्चशिक्षण होतं, कुटुंबातला मृत्यू होता. देव आल्याचं कारण कुठेच नव्हतं. मी "इतर" निवडलं. तासाभरात मॅडमचा फोन आला, "इतर म्हणजे नक्की काय? गंभीर काही नाही ना?"

"नाही, आनंदाचं आहे."

"मग इतरमध्ये का टाकलं?"

मॅडमनी मला वर बोलावलं आणि माझ्यासमोर कॅलेंडर ठेवलं. "तुमच्या तिकिटावर २५ ऑगस्ट आहे. रजा २६ पासून मागताय. २५ चं काय?"

"गाडी मुंबईहून २५ ला रात्री सुटते मॅडम. पनवेलला येईपर्यंत मध्यरात्र उलटते. मी २६ ला चढणार."

"मग २५ ला कुठे असणार?"

"इथेच. तुमच्यासमोर."

हे त्यांना पटलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं. मग बोटांवर मोजलं. "आणि ही सहा दिवस होत नाही. नऊ होते."

"नऊ कशी? मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, पुढचे सोम-मंगळ-बुध. सहा. बुधवारी २७ ला गणेश चतुर्थीची सुट्टीच आहे, आणि शनिवार-रविवार तर आपले असतातच."

"सँडविच रूल," मॅडम म्हणाल्या. "दोन रजांच्या मध्ये सुट्टी आली की तीही रजाच."

मी जन्मापासून वडापाववाला माणूस. वडापावमध्ये निदान मधल्या वड्याचे पैसे एकदाच लागतात. इथे दोन्ही बाजूंचे पाव माझे, आणि मधला शनिवार-रविवारही माझ्याच खिशातून. मला एकदम नारायण मेघाजी लोखंडे आठवले. त्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा करून आठवड्याला एक सुट्टी मागायला सुरुवात केली. रविवार हा खंडोबाचा वार, तो तरी मोकळा द्या, असं त्यांचं म्हणणं होतं असं सांगतात. मालकांनी सहा वर्षं वाट बघायला लावली. १० जून १८९० ला रविवार मिळाला. तो एवढ्या कष्टानं मिळवलेला रविवार आमच्या मॅडमनी ३१ ऑगस्टला काकडी-टोमॅटोसारखा मध्ये कापून ठेवला.

"आणि कपात किती होईल?" मी विचारलं.

"महिन्याच्या पगाराला २६ नं भागायचं, गुणिले नऊ."

"पण मागच्या वर्षी तुम्ही माझी उरलेली रजा विकत घेतली, तेव्हा ३० नं भागलं होतं."

"तेव्हा देत होतो ना," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. गणिताच्या बाईंचा असतो तसा शांत चेहरा होता.

घरी आलो तर न्यू जर्सीचा मेहुणा व्हिडिओवर होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही लोक लाडावलेले आहात. आमच्याकडे भरपगारी सुट्टी द्यायलाच हवी असा देशभराचा कायदाच नाही. बिनपगारी मिळाली तरी लोक पेढे वाटतात."

"मग तू दर डिसेंबरला तीन आठवडे इथे असतोस ते?"

"ते वर्क फ्रॉम होम. तुमच्या होममधून."

खरंच. दर डिसेंबरला आमच्या बेडरूममध्ये तो रात्रभर अमेरिकेशी बोलतो आणि आम्ही हॉलमध्ये झोपतो. आमच्या जागेची ही बिनपगारी कुठल्याच पोर्टलवर नाही.

खरा धीर दिला तो आमच्या विंगमधल्या निवृत्त काकांनी. त्यांची सगळी हयात बेलापूरच्या कोकण भवनात गेली. माझं गाऱ्हाणं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "बिनपगारी म्हणू नकोस. भिकारड्यासारखं वाटतं. आमच्याकडे अर्जित रजा असते, अर्धपगारी असते, परिवर्तित असते. न कमावलेली आगाऊ घ्यायची तर तिला अनर्जित रजा म्हणतात. आणि पगाराशिवायची जी, ती असाधारण रजा. १९८१ च्या रजा नियमांत आहे."

असाधारण! काय शब्द आहे. अकरा वर्षांत मला कुणी असाधारण म्हटलं नव्हतं. मी त्याच रात्री मेल लिहिली, "मला सहा दिवसांची असाधारण रजा मिळावी." सकाळी साहेबांचं उत्तर, "अरे, एवढं काय झालंय? सगळं ठीक आहे ना घरी?"

काकांनी शेवटी आणखी एक नियम सांगितला होता, तो मी आधी मनावर घेतला नव्हता. रजा हक्क म्हणून मागता येत नाही. "मग काय म्हणून मागायची?" मी विचारलं होतं. काका म्हणाले, "चेहरा पाडून."

आईचा फोन दर रविवारी. "रजा गावली काय रे?"

"बघतायत, आई."

"पगार नको म्हणान सांगलंस मां?"

"सांगितलं. तरी सोडत नाहीत."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "पगार नको तरी सोडणत नाय? मगे तू थंय असा करतंस तरी काय?"

हाच प्रश्न पुढच्या आठवड्यात साहेबांनी जरा सभ्य शब्दांत विचारला. "हँडओव्हर लिहून दे. तू रोज काय काय करतोस ते. तुझ्या मागे कुणीतरी बघायला हवं ना."

मी रात्री बसलो आणि लिहिलं. एक, रोज सकाळी रिपोर्ट उघडणे. दोन, तो बरोबर आहे का ते पाहणे. तीन, बरोबर नसल्यास ज्याने केला त्याला परत पाठवणे. पुढे काही सुचेना. चौथा मुद्दा म्हणून "आभार मानणे" लिहिलं. अर्धं पान झालं. बायको मागून वाचत होती.

"एवढंच? आणि ह्यासाठी रोज रात्री नऊला घरी येता?"

घाम फुटला. हा कागद साहेबांच्या हातात पडला तर रजा नक्की मिळेल, पण नऊ दिवसांची नव्हे, कायमची. मी कागद फाडला आणि नव्यानं सुरुवात केली. "रिपोर्ट उघडणे" याचं "दैनंदिन माहितीचं प्राथमिक अवलोकन" झालं. "परत पाठवणे" याचं "संबंधित विभागांशी समन्वय" झालं. दोन बाण काढले, एक चौकोन काढला, चौकोनात "जोखीम" लिहिलं. चार पानं भरली. साहेबांनी ती वाचली आणि माझ्याकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं.

"बाप रे! एवढं सगळं तू एकटा करतोस? मग तुला सोडायचं कसं?"

म्हणजे अर्धं पान लिहिलं तर नोकरी जाते आणि चार पानं लिहिली तर रजा. मी तिसऱ्यांदा बसलो आणि अडीच पानं लिहिली. ज्याच्यावाचून अडतं, पण नऊ दिवस अडत नाही, असा माणूस कागदावर उभा करायला मला तीन रात्री लागल्या. मला पाम बीच रोडच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचा फार हेवा वाटला. कच्छहून थंडीत येतात, मे उलटेपर्यंत ऐसपैस राहतात आणि एक दिवस उडून जातात. कच्छमध्ये त्यांच्या मागे कोण बघतंय, हँडओव्हर दिला का, कुणी विचारत नाही. उलट शहर त्यांचे पुतळे चौकात उभारतं.

आता माझ्या मागे बघणार कोण? ऑफिसातल्या बारा जणांनी त्या आठवड्यात आपापल्या घरी गणपती असल्याचं जाहीर केलं. त्यातल्या दोघांचा धर्म मला ठाऊक होता, पण मी गप्प बसलो. उरले एफडी.

एफडी हे आमचे ज्येष्ठ सहकारी. त्यांच्या खात्यावर पंचेचाळीस दिवस रजा साठलेली आहे, आणि साठवायची कायद्यानं तेवढीच मुभा आहे. वरची दर वर्षी वाया जाते, तरी ते घेत नाहीत; म्हणून आम्ही त्यांना फिक्स डिपॉझिट म्हणतो. मी एकदा त्यांना म्हणालोही होतो, "त्यातली सहा मला उसनी द्या, व्याजासकट फेडतो." ते म्हणाले होते, "तसं करता येत नाही. आणि मी रजेवर गेलो तर इथलं कोण बघणार?" स्वतःच्या लग्नात त्यांनी अर्धा दिवस घेतला होता अशी दंतकथा आहे. ते मात्र शपथेवर सांगतात की लग्न रविवारी होतं.

एफडींनी माझी अडीच पानं घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "जा. बघतो मी."

मंजुरी आली ती २५ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. तोवर माझी बॅग बायकोनं भरून पनवेलकडे रवानाही केली होती. मंजुरीखाली साहेबांची एक ओळ होती, "लॅपटॉप सोबत ठेव, इन केस."

मध्यरात्री पनवेलच्या फलाटावर अख्खं कोकण उभं होतं. मखरं, समया, तांदळाच्या पिशव्या, डब्यात कोंबलेल्या करंज्या आणि त्यात माझा लॅपटॉप. शेजारचा एक गृहस्थ म्हणाला, "किती दिवस?" मी म्हटलं, "नऊ. बिनपगारी." तो म्हणाला, "नशीबवान हो. मी आजीला तिसऱ्यांदा वारवून आलोय."

गावच्या घरात फोनला रेंज नाही. खळ्यात नाही, पडवीत नाही. मांगराच्या मागे एक काडी येते, तीसुद्धा एक पाय चिऱ्यावर आणि एक पाय फणसाच्या मुळावर ठेवून, अंगानं रत्नागिरीकडे कललं तर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तसाच कललेलो असताना साहेबांचा फोन लागला.

"अरे, ती जुलैची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे? आणि हा आवाज कसला?"

"आरती चालू आहे, सर."

"म्यूट कर ना जरा."

घरात तेरा माणसं, दोन झांजा, एक मृदंग आणि माझे थोरले काका, ज्यांना आजवर काकूही म्यूट करू शकलेली नाही. मी म्हटलं, "सर, फाइल जुलैच्याच फोल्डरमध्ये आहे." पलीकडून "अच्छा" असं आलं, तितक्यात पाय घसरला आणि मी चिखलात बसलो.

धोतराची ती अवस्था घेऊन आत आलो. आईनं आरतीचं ताट माझ्यापुढे धरलं. "कोणाचो फोन?"

"साहेबांचा."

"पगार देणत नाय आणि फोन करतत? मगे तूच तेंका बिल धाड."

गौरी आल्या, गेल्या, सातव्या दिवशी गणपती त्यांच्याबरोबर नदीवर गेला. ४ सप्टेंबरला पहाटे पनवेलला उतरलो, घरी बॅग टाकली आणि दहाला महापेला हजर झालो. छातीत धडधड होती. नऊ दिवसांत किती राडा झाला असेल, किती मेल पडल्या असतील, साहेब काय म्हणतील.

गेटवरच्या वॉचमनने सलाम केला. "काय साहेब, काल दिसला नाहीत?"

"काल?" मी म्हटलं.

साहेब कॉफीच्या मशीनपाशी भेटले. म्हणाले, "अरे, त्या साडेअकराच्या मीटिंगला येतोयस ना?" मी कुठून आलो, किती दिवसांनी आलो, कपाळावर अष्टगंध का आहे, काही नाही. माझ्या टेबलावर धूळसुद्धा नव्हती.

दुपारी डबा खाताना एफडी माझ्या शेजारी सरकले. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तुझं काम केलं. रोज वीस मिनिटं लागतात. कुणाला बोललो नाही."

मला घास गिळवेना. "थँक्यू," मी म्हणालो.

एफडींनी पोळीचा तुकडा भाजीत बराच वेळ फिरवला. "माझं चाळीस मिनिटांचं आहे," ते म्हणाले. "म्हणून तर मी जात नाही. कुणी बघितलं तर?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. तेवीस वर्षं, पंचेचाळीस दिवस, आणि चाळीस मिनिटांचं हे गुपित. मी म्हटलं, "मी बघीन. आणि कुणाला बोलणार नाही."

पगाराच्या स्लिपा आल्या. ऑगस्टमध्ये सहा दिवस कापले, सप्टेंबरमध्ये तीन. व्यवसाय कर मात्र दोन्ही महिन्यांत दोनशे-दोनशे रुपये पूर्ण. मी नऊ दिवस व्यवसाय केला नाही हे सरकारच्या कानावर घालायची कंपनीला गरज वाटली नाही. फणसाखाली उभं राहून घेतलेल्या चार फोनचं बिल मी आईच्या सांगण्यावरून लिहून ठेवलंय, अजून धाडलेलं नाही.

पुढच्या वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. पाळी चुलतभावाची, त्यामुळे आपण नुसतं जाऊन जेवायचं. एफडीसुद्धा येणार आहेत. "बघू तरी तुमची माटवी," म्हणाले. त्यांचं चाळीस मिनिटांचं काम आम्ही दोघांनी मिळून आधीच करून ठेवायचं ठरवलंय. ११ सप्टेंबरच्या रात्रीच्या गाडीची तिकिटं १३ जुलैला सकाळी आठला उघडतील. एफडींची रजा भरपगारी असेल, माझी बहुतेक पुन्हा असाधारण. आरएसी मिळाली, तर सीट मात्र दोघांत एकच.